आमचा सर्व्हर मुका का झाला? (सीरियल कन्सोलची ओळख)



या अंकातील माहितीपर लेखाची पाळी आमच्या मोठ्या गटाकडे आली आहे. विषय निवडायला आम्हाला वेळ लागला नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली आणि वर्गाचा अमूल्य ठेवा हरवतो की काय अशी वेळ आली. ती चूक कशी झाली आणि तीमुळे आम्ही जी सीरियल कन्सोल नावाची सोय शिकलो ती कशी बसवावी, हे येथे सांगणार आहोत. ज्या आई-बाबांचे रोजचे कामच संगणकावर आहे त्यांना यातील बरेच ठाऊक असेल. त्यांनी निदान आमच्या चुकांचा भाग जरूर वाचावा.

बाईंनी अट एकच घातली. लेखात एकही रोमन अक्षर नको! म्हणून संगणकाला द्यायच्या आज्ञाही आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी अंकांत टाकाव्यात. लहान आणि मोठ्या अक्षरांचा फरक जेथे पडतो तेथे तसे सांगितले आहे.

त्या रविवारी काय झाले

आमच्या वर्गातर्फे आजी-आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा उपक्रम चालतो. भारतातून कोणाचे आजी-आजोबा मुक्कामाला आले की त्यांच्यापुढे फोन ठेवायचा, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसून ऐकायचे. हिवाळ्यापर्यंत अशी ३८ ध्वनिमुद्रणे जमली होती. त्यांत साताऱ्याच्या एका आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या आजी आता नाहीत. खरे सांगायचे तर त्या ओव्यांची दुसरी प्रतही आमच्याकडे नव्हती. फोनमधली मूळ फाईल जागा मोकळी करताना पुसली गेली होती.

हा सारा संग्रह एका भाड्याच्या आभासी सर्व्हरवर ठेवलेला आहे. आभासी सर्व्हर म्हणजे काय? एका मोठ्या खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक छोटी यंत्रे उभी केलेली असतात. चाळीत जशी इमारत एक आणि बिऱ्हाडे अनेक, प्रत्येकाचे दार वेगळे, कुलूप वेगळे, तसेच हे. आमच्या बिऱ्हाडात डेबियन लिनक्स राहते. ते खरे यंत्र आम्ही कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. आमच्या सर्व्हरला पडदा नाही, कळफलक नाही. आम्ही घरून एसएसएच वापरून नेटवर्कच्या वाटेने आत जातो.

जानेवारीत जागा अपुरी पडू लागली म्हणून आम्ही नवी डिस्क जोडली. सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची ते लिनक्स /ईटीसी/एफएसटॅब या फाईलमध्ये वाचते. प्रत्येक डिस्कला यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांक असतो. तो उतरवून घेताना आमचे एक अक्षर चुकले. ते न तपासता आम्ही सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि वाट पाहत बसलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. एसएसएच काही उत्तर देईना.

भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण फलकावर सर्व्हर "चालू" दिसत होता. त्याच फलकावर दोन खिडक्या उघडता येत होत्या. एक चित्राची, म्हणजे यंत्राला पडदा जोडला असता तर जे दिसले असते ते दाखवणारी. दुसरीवर लिहिले होते "सीरियल कन्सोल". आम्ही दुसरी उघडली. काळी खिडकी, बस्स. आमच्यातील एकाच्या काकांना फोन लावला. ते लिनक्सचेच काम करतात.

"काका, सर्व्हर गेला. सीरियलची खिडकी नुसती काळी आहे."

"अरे, काळी आहे म्हणजे यंत्र बंद पडलं असं नाही. त्याला त्या खिडकीत बोलायला कुणी सांगितलंय का?"

"नाही."

"मग ते कसं बोलेल? दुसऱ्या खिडकीत काय दिसतंय ते वाच बघू."

"शेवटच्या ओळी दिसताहेत. रूटचा पासवर्ड मागतोय. वरचं सगळं निघून गेलं."

येथेच आमची अडचण झाली. नेमकी चूक सांगणारी ओळ वर सरकून दिसेनाशी झाली होती. पूर्वी लिनक्सच्या मजकुरी पडद्यावर मागच्या ओळी सरकवून पाहता येत असत, पण २०२० साली आलेल्या कर्नलच्या ५.९ या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकली आहे. चित्राच्या खिडकीतला मजकूर निवडून काकांना पाठवताही येईना, कारण ते नुसते चित्रच. भरीस भर म्हणून पासवर्डमधले एक खास चिन्ह त्या खिडकीत भलतेच उमटत होते, त्यामुळे पासवर्ड बरोबर असून चुकत होता. ज्या मुलीच्या आजींच्या ओव्या होत्या ती एक शब्दही बोलत नव्हती. ते पाहून आम्हाला जास्तच अपराधी वाटले.

संध्याकाळी काका स्वतः आले. कळफलकावरच्या खुणांचा घोळ शोधून त्यांनी पासवर्ड टाकला, "जर्नलसीटीएल -एक्सबी" या आज्ञेने नोंदी वाचल्या आणि एका मिनिटात चूक दाखवली. लिनक्स त्या न सापडणाऱ्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहत होते आणि मग संकटकालीन अवस्थेत जाऊन थांबत होते. त्या अवस्थेत नेटवर्क सुरू होत नाही, म्हणून एसएसएच बंद. एक अक्षर दुरुस्त केले आणि सर्व्हर उठला. ध्वनिमुद्रणे सुखरूप होती. काका चहा पिता पिता एवढेच म्हणाले, "तहान लागल्यावर विहीर खणायची नसते. पुढच्या रविवारी सीरियल कन्सोल बसवू."

टीटीवाय हा शब्द आला कोठून?

सीरियल कन्सोलचे नाव लिनक्समध्ये टीटीवायएस० असे आहे. यातील टीटीवाय म्हणजे टेलिटाइपरायटर, अर्थात दूरवरून चालणारा टंकलेखक. १९६३ साली टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ हे यंत्र आले. ते सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन अशीच टंकयंत्रे होती. ही प्रयोगशाळा मरे हिल येथे, म्हणजे आमचा वर्ग जेथे भरतो त्या न्यू जर्सी राज्यातच आहे. टंकयंत्रे गेली, पडदे आले, १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी लिनक्स आणले, पण टीटीवाय हे नाव टिकून राहिले. मराठीत नाही का आपण आजही "फोन उचलला" असे म्हणतो, तसेच.

सीरियल म्हणजे एकामागून एक. एका तारेवरून बिट एका रांगेत जातात, पालखीमागे दिंडी चालावी तसे. १९६० साली आरएस-२३२ हे या तारेचे प्रमाण ठरले. दोन्ही टोकांनी एकाच वेगाने बोलावे लागते. गणपतीत आपण लेझीम खेळतो तेव्हा हलगीचा ठेका एक आणि लेझमीचा दुसरा असेल तर काय गोंधळ होतो ते सर्वांना माहीत आहे. तारेवर असा गोंधळ झाला की पडद्यावर गिचमिड अक्षरे उमटतात.

नेहमीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट असा धरतात. हा विचित्र आकडा का? जुन्या पीसीमधील सीरियल चिपचे घड्याळ सेकंदाला १८,४३,२०० ठोके देत असे आणि चिप त्याला १६ ने भागत असे. भागाकार करून पाहा! एका अक्षरासाठी सुरुवातीचा एक बिट, मजकुराचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. मॉडेल ३३ च्या हजारपटीहून जास्त.

आता कोणी विचारील, आभासी यंत्राला तार कसली? बरोबर आहे, तार नाहीच. क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर १६५५०ए या जुन्या चिपची हुबेहूब नक्कल करते. लिनक्स आपले अक्षर त्या नकली चिपला देते. खरे यंत्र ते उचलून आपल्या खिडकीत आणून टाकते. या वाटेवर नेटवर्कचे कार्ड नाही, चित्राचे कार्ड नाही, एसएसएच नाही. इतकी साधी वाट असल्यामुळे बाकी सारे कोलमडले तरी ती बहुधा चालू राहते. शिवाय येणारा प्रत्येक शब्द मजकूर म्हणून येतो. तो मागे सरकवून वाचता येतो, निवडता येतो आणि काकांना पाठवता येतो. त्या रविवारी आम्हाला नेमके हेच हवे होते.

बोलणारे तिघे

आम्हाला वाटले होते की कोठेतरी एक कळ दाबली की झाले. तसे नाही. सर्व्हर सुरू होताना एकामागून एक तिघे जण बोलतात आणि तिघांना वेगवेगळे सांगावे लागते.

पहिला ग्रब. कोणते लिनक्स सुरू करायचे ते विचारणारा हा दारावरचा माणूस. दुसरा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तो यंत्रात काय काय सापडले ते सांगत जातो. तिसरा गेट्टी. तो शेवटी येऊन नाव आणि पासवर्ड विचारतो. ग्रबला सांगितले आणि गेट्टीला विसरले तर मजकूर दिसेल, पण आत जाता येणार नाही. म्हणून तिघांचे नीट पाहू.

काहीही बदलण्याआधी एसएसएचने आत जाऊन /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाईलची प्रत करून ठेवावी. नंतर नॅनो किंवा आवडत्या संपादकात ती उघडावी. कर्नलसाठी ही ओळ लिहावी:

ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स="कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८"

बरोबरीच्या चिन्हाच्या डावीकडचे सर्व मोठ्या अक्षरांत, उजवीकडचे लहान. अपवाद एकच, टीटीवायएस मधला एस मोठा. तो लहान टाकला तर कर्नलला ते नाव ओळखता येत नाही. शेवटी शून्य आहे, ओ हे अक्षर नव्हे. यातील एन म्हणजे पॅरिटी तपासणी नको आणि ८ म्हणजे अक्षराला आठ बिट.

या ओळीत कन्सोल दोनदा का? टीटीवाय० म्हणजे चित्राचा पडदा आणि टीटीवायएस० म्हणजे पहिला सीरियल. कर्नल आपले संदेश दोन्हीकडे पाठवतो. पण जो सर्वांत शेवटी लिहिला तो मुख्य कन्सोल ठरतो आणि सेवा सुरू झाल्या की नाही याचे संदेश त्यावर येतात. आम्ही आधी क्रम उलटा लिहिला होता, तेव्हा सीरियलच्या खिडकीत कर्नलचा मजकूर आला आणि पुढचा नेमका महत्त्वाचा भाग चित्रावर गेला. म्हणून सीरियल शेवटी.

ग्रबसाठी आणखी तीन ओळी:

ग्रब_टर्मिनल="कन्सोल सीरियल"

ग्रब_सीरियल_कमांड="सीरियल --युनिट=० --स्पीड=११५२००"

ग्रब_टाइमआउट=५

पहिल्या ओळीने ग्रब दोन्ही ठिकाणी बोलतो. दुसरीने त्याला वेग कळतो. तिसरीने तो पाच सेकंद थांबतो. ही शून्य असेल तर खिडकी उघडेपर्यंत ग्रब निघून गेलेला असतो. याच फाईलमध्ये "क्वाएट" असा शब्द दिसला तर तो काढावा. तो असला की कर्नल पुष्कळसे संदेश दाखवतच नाही.

फाईल लिहून झाली तरी ती अजून ग्रबपर्यंत पोचलेली नसते. त्यासाठी डेबियन व उबुंटूवर ही आज्ञा द्यावी:

सुडो अपडेट-ग्रब

फेडोराच्या घराण्यात त्याऐवजी "सुडो ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी" ही आज्ञा आहे.

आता गेट्टी. जुन्या लिनक्समध्ये त्यासाठी /ईटीसी/इनिटटॅब फाईलमध्ये एक ओळ घालावी लागे. हल्ली बहुतेक ठिकाणी सिस्टमडी आहे. कर्नलचा कन्सोल टीटीवायएस० आहे असे दिसले की सिस्टमडी त्यावर गेट्टी आपोआप सुरू करते. तरीही खात्री हवी असेल, किंवा सर्व्हर पुन्हा सुरू न करता लगेच गेट्टी हवा असेल, तर:

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ सीरियल-गेट्टी@टीटीवायएस०.सर्व्हिस

इतकेच. सर्व यंत्रांवर नाव मात्र हेच नसते. एआरएम जातीच्या आभासी यंत्रावर ते बहुधा टीटीवायएएमए० असते आणि झेनच्या यंत्रावर एचव्हीसी०. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे "सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट" या आज्ञेने कळते. आमच्याकडे उत्तर आले केव्हीएम. ही २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच असलेली सोय आहे.

पडताळणी कशी करावी

पहिली परीक्षा सोपी आणि आम्हाला सर्वांत आवडलेली. सीरियलची खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या बाजूला एसएसएचमध्ये ही आज्ञा द्यावी:

एको नमस्कार | सुडो टी /डेव्ह/टीटीवायएस०

येथे "नमस्कार" हा शब्द आम्ही खरोखर देवनागरीत टाइप केला आणि त्या काळ्या खिडकीत तो उमटला! सर्व वर्गाने टाळ्या वाजवल्या. काकांनी मग हिशेब करायला लावला. न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र अशी संगणकाच्या लेखी सात चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे २१ बाइट रांगेने गेले. अक्षराला सातच बिट ठेवले असते तर आपला नमस्कार वाटेतच मोडला असता. तो एन८ मधला आठ मराठीसाठी किती मोलाचा आहे ते आम्हाला तेव्हा कळले.

दुसरी परीक्षा म्हणजे सीरियलची खिडकी उघडी ठेवून "सुडो रीबूट" करणे. आधी ग्रबची यादी दिसावी, मग कर्नलच्या भराभर ओळी, शेवटी नावाची विचारणा. यादी दिसली नाही तर ग्रबच्या ओळी तपासाव्यात. यादी दिसून पुढे शांतता असेल तर कर्नलची ओळ चुकली आहे. सर्व दिसून नाव विचारले नाही तर गेट्टी सुरू झालेला नाही. तिघांपैकी कोण गप्प आहे यावरून चूक कोठे आहे ते कळते.

कर्नलला खरोखर काय सांगितले गेले ते "कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन" या आज्ञेने दिसते. आपण लिहिलेले तेथे नसेल तर एक जागा जरूर पाहावी. काही तयार क्लाउड प्रतिमांमध्ये /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी नावाचा कप्पा असतो. त्यातील फाईल नंतर वाचली जाते आणि आपल्या ओळीला झाकून टाकते.

खऱ्या सर्व्हरला हात लावण्याआधी आम्ही काकांच्या घरच्या संगणकावर "सराव" नावाचे आभासी यंत्र करून सर्व करून पाहिले. तेथे "सुडो व्हर्श कन्सोल सराव" असे म्हटले की सीरियल उघडतो. बाहेर पडायला कंट्रोल कळ दाबून धरून उजवा चौकोनी कंस दाबायचा. हे माहीत नसल्याने आमच्यातील दोघे आतच अडकून बसले होते.

आमच्या चुका

पहिली चूक पासवर्डची. एसएसएचने आम्ही किल्लीच्या फाईलने आत जातो. त्यामुळे काहींनी आपल्या खात्याला पासवर्ड ठेवलाच नव्हता. सीरियलवर किल्ली चालत नाही. तेथे गेट्टी पासवर्डच विचारतो. तो नसेल तर दार समोर असूनही आपण बाहेर. तसेच संकटकालीन अवस्थेत रूटचा पासवर्ड लागतो आणि काही ठिकाणी, उदाहरणार्थ उबुंटूवर, रूटचे खाते मुळातच कुलूपबंद असते. म्हणून सर्व सुरळीत आहे तेव्हाच पासवर्ड ठरवावा, तो कागदावर लिहून सुरक्षित ठेवावा आणि त्या खिडकीत एकदा टाकून पाहावा.

दुसरी चूक जास्त गंभीर. काम झाल्यावर आम्ही खिडकी बंद केली आणि घरी गेलो. पुढच्या रविवारी दुसऱ्या विद्यार्थ्याने ती उघडली तर समोर थेट रूटची खूण, पासवर्ड नाही की काही नाही! खिडकी बंद करणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे. सीरियलला पलीकडचा माणूस उठून गेला हे कळतेच असे नाही. म्हणून आधी "एक्झिट" म्हणावे, नावाची विचारणा परत आलेली पाहावी, मगच खिडकी मिटावी. नियंत्रण फलकाचा पासवर्डही जपावा, कारण ज्याच्याकडे फलक त्याच्याकडे यंत्र.

तिसरी चूक किरकोळ. सीरियलला आपल्या खिडकीची लांबी-रुंदी कळत नाही. सामान्यतः तो ८० अक्षरांच्या २४ ओळी धरून चालतो. त्यामुळे संपादकात ओळी एकमेकींवर चढतात. "एसटीटीवाय रोज ४० कोल्स १२०" असे आपल्या खिडकीप्रमाणे सांगितले की नीट दिसते.

आणि मूळ चूक? ती एफएसटॅबची. आता आम्ही ती फाईल बदलली की आधी "फाइंडएमएनटी --व्हेरिफाय" आणि मग "सुडो माउंट -ए" करून पाहतो. ध्वनिमुद्रणांच्या डिस्कच्या ओळीत "नोफेल" हा शब्दही घातला आहे. त्यामुळे ती डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर अडून न बसता पुढे जातो.

पुन्हा एकदा

मार्चमध्ये याचा उपयोग झाला. आम्ही फायरवॉल चालू केली आणि २२ क्रमांकाचे एसएसएचचे दार उघडे ठेवायला विसरलो. आपल्याच हाताने आपल्याला बाहेर कोंडले! एसएसएच बंद. पण या वेळी कोणी घाबरले नाही. सीरियलची खिडकी उघडली, नाव विचारले गेले, पासवर्ड टाकला, नियम दुरुस्त केला, एक्झिट म्हटले. दहा मिनिटांत काम झाले. काकांना फोन केला तो फक्त सांगायला.

सीरियल कन्सोल चुका टाळत नाही. चूक झाल्यावर यंत्र काय म्हणते आहे ते ऐकू येते, एवढेच त्याचे काम. डिस्कच बिघडली तर तो काहीही वाचवू शकणार नाही. म्हणून सर्व ३८ ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती आता दोन वेगवेगळ्या घरी ठेवल्या आहेत. साताऱ्याच्या आजींच्या ओव्या त्यांच्या नातीने स्वतः उतरवून घेतल्या आणि पहिली प्रत आपल्या आईच्या हातात दिली.

ज्यांच्या घरी किंवा मंडळाच्या कामासाठी असा सर्व्हर आहे त्यांनी या शनिवारी-रविवारी अर्धा तास काढावा. सर्व्हर भाड्याने घेण्याआधी सीरियल कन्सोलची सोय आहे का तेही विचारावे, कारण ती सर्वच ठिकाणी मिळत नाही. काही अडले तर वर्ग सुटल्यावर आम्हाला गाठावे. चूकभूल द्यावी घ्यावी.

शब्दार्थ

आभासी: खरे नसून खऱ्यासारखे भासणारे
ठेवा: जपून ठेवलेली मौल्यवान गोष्ट
बिऱ्हाड: राहण्याची जागा, संसार
ओवी: जात्यावर दळताना म्हणायचे पद्य
हलगी: लहान, चपटे चर्मवाद्य

स्वाध्याय

१. सर्व्हर सुरू होताना कोण तिघे बोलतात? क्रमाने सांगा.
२. "तहान लागल्यावर विहीर खणणे" या म्हणीचा अर्थ सांगून आपल्या घरातील एक उदाहरण लिहा.
३. आपले नाव देवनागरीत लिहा. त्यातील प्रत्येक चिन्ह मोजा आणि त्याला किती बाइट लागतील ते काढा.

आपले,
मोठ्या गटातील विद्यार्थी